ऑस्ट्रेलिया हा देश नक्की कुणी केला? लंडनच्या कायद्याने की तिथल्या मतदारांनी?

मेलबर्नची_मैना
नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी सरकारी पुस्तिका वाचतेय. १ जानेवारी १९०१ ला काय झालं, तर सहा वसाहती एकत्र येऊन संघराज्य झालं. हे पाठ करून मार्क मिळतील, पण त्याच्या मागचं वाचायला गेले आणि गोंधळले.

एकीकडे कौतुक असतं की हा देश लढाई न होता मतपेटीतून जन्मला. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, सगळीकडे सार्वमत झालं. दुसरीकडे इथली राज्यघटना म्हणजे चक्क ब्रिटिश संसदेच्या कायद्यातलं एक कलम! १९०० च्या त्या कायद्याची कलमं नऊ, आणि नवव्याच्या पोटात १२८ कलमांची अख्खी घटना. ९ जुलै १९०० ला व्हिक्टोरिया राणीची संमती, की झाला देश.

माझं मत: देश लंडनने केला, लोकांनी मान डोलावली. ज्यांना पटत नसेल त्यांनी भांडावं, त्यासाठीच धागा काढलाय.

भांडखोर_भाऊ
पहिला मी. वाचतोय.

गुळवणी_मास्तर
मैनाताई, शिक्का लंडनचा होता एवढंच खरं. मसुदा तिथे लिहिला गेलाच नाही. १८९१ च्या सिडनी अधिवेशनात पहिला मसुदा तयार झाला. सॅम्युएल ग्रिफिथ आणि मंडळी ईस्टरच्या सुट्टीत क्वीन्सलँड सरकारच्या 'लुसिंडा' बोटीवर, हॉक्सबरी नदीत बसून त्यावर हात फिरवत होती. पुढे तो मसुदा वसाहतींच्या विधिमंडळांत धूळ खात पडला, कारण तो मंजूर करून घ्यायची घाई कुठल्याच मंत्र्याला नव्हती.

कोंडी फुटली ती १८९३ मध्ये, मरे नदीकाठच्या कोरोवा गावात. बेंडिगोचे वकील जॉन क्विक यांनी तिथे ठराव मांडला: प्रतिनिधी लोकांनी निवडावेत, त्यांनी घटना लिहावी, आणि ती पुन्हा लोकांपुढे मताला ठेवावी. १८९७-९८ चं अधिवेशन त्यातून निघालं. अ‍ॅडलेड, सिडनी आणि मेलबर्न अशा तीन बैठका. क्वीन्सलँड आलंच नाही आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने प्रतिनिधी विधिमंडळातून धाडले, ही दोन गालबोटं सोडली तर साम्राज्यात असं आधी कुठे झालं होतं, दाखवा.

टोरांटोचा_तात्या
आमच्याकडे तर नाहीच झालं. १८६७ च्या कॅनडाच्या कायद्याला सार्वमत वगैरे काही नाही. पुढाऱ्यांनी ठरवलं, लंडनने पास केलं. त्याच वर्षी पहिली निवडणूक झाली तेव्हा नोव्हा स्कोशियाने १९ पैकी १८ जागांवर संघराज्याच्या विरोधातले लोक निवडून दिले. पण तोवर उशीर झाला होता. मास्तरांना +१.

खवट_म्हातारा
"लोकांनी निवडावेत" म्हणे. कुठल्या लोकांनी, मास्तर? १८९८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये बायकांना मत होतं का? व्हिक्टोरियात?

गुळवणी_मास्तर
तिथे नव्हतं. साउथ ऑस्ट्रेलियात मात्र १८९४ च्या कायद्याने मिळालेलं होतं, आणि तो कायदा तिथल्या आदिवासी स्त्रियांनाही लागू होता. कॅथरीन हेलन स्पेन्स तर १८९७ च्या अधिवेशनाच्या निवडणुकीला उभ्याही राहिल्या. हरल्या, पण उभ्या राहिल्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८९९ मध्ये स्त्रियांना मत मिळालं, म्हणजे १९०० च्या सार्वमताच्या आधी.

खवट_म्हातारा
म्हणजे सहापैकी दोन. बरं, पुढे चालू द्या.

वोडोंगाकर
मी मरे नदीच्या दक्षिण काठावर राहतो, व्हिक्टोरियात. कामाला रोज पूल ओलांडून आल्बरीला जातो, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या रस्त्यावरचा आहे.

इथल्या लोकांना संघराज्य हवं होतं ते राष्ट्रप्रेमाने किती आणि जकातीच्या जाचाने किती, याचा हिशोब मांडला तर जकात जिंकेल. व्हिक्टोरियाचं धोरण स्थानिक उद्योगांना संरक्षण देण्याचं, न्यू साउथ वेल्सचं मुक्त व्यापाराचं. मधे नदी, आणि नदीच्या काठाने कस्टमच्या चौक्या. पलीकडच्या शेतातला माल अलीकडे विकायचा तर कर. कोरोवाची सभा नदीकाठी भरली याचं नवल नाही, ज्याचं दुखतं तोच ओरडतो.

रेल्वेची कथा तर वेगळीच. सिडनीच्या आयरिश इंजिनियरने ५ फूट ३ इंचांचा रूळ सुचवला, व्हिक्टोरियानेही तोच धरून गाड्यांची ऑर्डर दिली. मग सिडनीचा इंजिनियर सोडून गेला. त्याच्या जागी स्कॉटिश माणूस आला आणि त्याने ४ फूट साडेआठ इंच करून टाकलं. व्हिक्टोरिया मागे फिरायला तयार नाही. १८८३ मध्ये दोन्ही लोहमार्ग आल्बरीला भेटले आणि तेव्हापासून सिडनी-मेलबर्नच्या प्रवाशाने इथे उतरून सामानासकट दुसऱ्या गाडीत चढायचं. आल्बरीचा लांबलचक फलाट अजून आहे. संघराज्य १९०१ ला झालं, थेट गाडी १९६२ ला!

मिरजेची_माहेरवाशीण
आमच्या मिरज जंक्शनवर ब्रॉड, मीटर आणि नॅरो, तिन्ही गेज होते. हमालांची चलती होती.
आल्बरीत हमाल काय घेत असतील?

वोडोंगाकर
हमालांचं माहीत नाही, पण मार्क ट्वेन १८९५ मध्ये या मार्गाने गेला आणि असे दोन रूळ ठेवणाऱ्यांच्या डोक्याची त्याने लेखी चेष्टा करून ठेवली आहे.

मुलुंडचा_नाका
आमच्या आयडीचा सन्मान झाल्यासारखं वाटतंय. मुंबईची जकात २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा गेली. तोवर मुलुंड-दहिसरला ट्रकच्या रांगा बघून बघून मोठे झालो. आणि हे लोक १९०० मध्येच "राज्यांमधला व्यापार पूर्णपणे मुक्त राहील" असं ९२व्या कलमात लिहून मोकळे?

अ‍ॅड_वैजयंती
मोकळे कसले, त्या एका वाक्यावर वकिलांच्या पिढ्या जगल्या. "पूर्णपणे मुक्त" म्हणजे किती मुक्त, यावर शंभराहून अधिक खटले झाले. अखेर १९८८ मध्ये हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय हेच) एकमताने अर्थ लावला: परराज्यातल्या मालाशी भेदभाव करून स्वतःच्या माणसांचं संरक्षण करायचं नाही, बाकी सारखे नियम चालतील. तो खटला कशावरून, तर क्रेफिशवरून (म्हणजे शेवंड)! साउथ ऑस्ट्रेलियातून आणलेले क्रेफिश टास्मानियाच्या किमान मापापेक्षा आखूड भरले.

आपल्या घटनेतलं ३०१वं कलम याच ९२चं भावंड. समवर्ती सूची (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची) आणि दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक या कल्पनाही आपल्याकडे ऑस्ट्रेलियावरून आल्या.

मैनाताईंच्या मूळ प्रश्नावर सविस्तर लिहायचं आहे, कोर्टातून आल्यावर लिहिते.

भांडखोर_भाऊ
क्रेफिश मालवणी मसाल्यात कसा लागतो? वोडोंगाकर, प्रकाश टाका.

वोडोंगाकर
चांगला लागतो. पण परवडत नाही.

सोसायटीचा_सेक्रेटरी
मी यातला तज्ज्ञ नाही, पण नऊ वर्षं पुनर्विकासाच्या मीटिंगा घेतल्यात, त्यामुळे हा सगळा प्रकार मला ओळखीचा वाटतो. इमारत नवी व्हावी हे सगळ्यांना मान्य. सही करताना प्रत्येकाची अट वेगळी. न्यू साउथ वेल्सला राजधानी आपल्याच हद्दीत पाहिजे. टास्मानियाला उत्पन्नाची काळजी, कारण जकात केंद्राकडे गेल्यावर ते खाणार काय? वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला पाच वर्षं स्वतःची जकात चालू ठेवायची मुभा. आणि न्यूझीलंड म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधले काका, सुरुवातीच्या मीटिंगांना आले, चहा प्यायले, "कळवतो" म्हणाले.

गुळवणी_मास्तर
सेक्रेटरी, दंडवत! आणि तुमच्या प्रत्येक अटीचं कलम आहे. टास्मानियाच्या एडवर्ड ब्रॅडनने घालून घेतलं ते ८७: जकातीच्या उत्पन्नातले तीन चतुर्थांश राज्यांकडे परत. विरोधकांनी त्याला घटनेवरचा डाग म्हटलं.

खरं नाट्य झालं सिडनीत. तिथले पंतप्रधान (तेव्हा प्रत्येक वसाहतीला स्वतःचा असे) जॉर्ज रीड. १८९८ च्या मार्चमध्ये टाउन हॉलमध्ये त्यांनी मसुद्यातली एकेक खोट लोकांना दाखवली आणि शेवटी जाहीर केलं की मी स्वतः मात्र बाजूने मत देणार. 'हो-नाही रीड' हे नाव तेव्हापासून चिकटलं. जूनमध्ये मतदान झालं. बाजूने ७१,५९५, विरोधात ६६,२२८. बहुमत मिळालं, पण कायद्याने किमान ८०,००० होकार लागत होते. आपटलं.

मग रीडने १८९९ च्या सुरुवातीला बाकीच्या पंतप्रधानांशी बसून सौदा केला. राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब. तोवर संसद मेलबर्नला. ब्रॅडनचं कलम सक्तीने फक्त १० वर्षं. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं, १,०७,४२० विरुद्ध ८२,७४१.

यात लंडन कुठे आहे, सांगा बरं.

मेलबर्नची_मैना
म्हणजे कॅनबेरा हा तह आहे तर! तिथे गेल्यावर मेंढ्यांच्या कुरणात शहर का वसवलं असा प्रश्न पडायचा.

पण मास्तर, १९०० मध्ये हे सगळे कागद घेऊन लंडनला गेलेच ना? आणि तिथे चेंबरलेनने हात घातलाच ना?

गुळवणी_मास्तर
घातला, एका जागी. वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेनला प्रिव्ही कौन्सिलकडे (वसाहतींसाठीचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) अपील जायची वाट मोकळी हवी होती, ऑस्ट्रेलियन मसुद्याने ती बरीचशी बंद केली होती. वसाहतींचे प्रतिनिधी बार्टन, डीकिन आणि किंग्स्टन लंडनला ठाण मांडून बसले. अखेर ७४व्या कलमात तडजोड झाली: केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांच्या वादात हायकोर्टाने परवानगी दिली तरच अपील. डीकिनने लिहून ठेवलंय की चेंबरलेनच्या दालनात हे तिघेच उरल्यावर त्यांनी हातात हात धरून फेर धरला. तिघे मध्यमवयीन, चांगले भारदस्त गृहस्थ!

खवट_म्हातारा
नाचू द्या. मला त्यांनी काय लिहिलं त्याच्याशी मतलब आहे. मूळ घटनेतलं १२७वं कलम काढा: लोकसंख्या मोजताना आदिवासी मोजायचे नाहीत. ५१व्या कलमातल्या २६व्या पोटकलमात आदिवासी सोडून कुठल्याही वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करायचा अधिकार, आणि तो कशासाठी हवा होता हे अधिवेशनातल्या भाषणांत लपवलेलं नाही. चिनी, भारतीय, पॅसिफिक बेटांवरचे मजूर. नव्या संसदेने पहिल्याच वर्षी कायदा केला, बंदरात उतरणाऱ्याला ५० शब्दांचं श्रुतलेखन घालायचं, तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत. १९३४ मध्ये एगॉन किश या प्राहाच्या लेखकाला अडवायचं होतं, त्याला इतक्या भाषा येत होत्या की शेवटी स्कॉटिश गेलिकमध्ये घातलं. १९५८ पर्यंत हा प्रकार चालू होता.

तेव्हा 'देश लोकांनी केला' म्हणताना जरा जपून. काही लोकांनी केला, काहींना बाहेर ठेवण्यासाठी.

पर्थकर_पाटील
काका कडक बोलतात पण मुद्दा बरोबर आहे. १२७ जायला १९६७ चं सार्वमत लागलं, ९० टक्क्यांहून जास्त होकार. आणि २०२३ मध्ये आदिवासींच्या सल्लागार मंडळाचा प्रश्न आला तेव्हा सहाही राज्यांनी नाही म्हटलं. १९०१ पासून ४५ प्रस्ताव मतदारांपुढे गेले, पास झाले ८. देशभरात बहुमत, शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत, दोन्ही लागतं.

मिरजेची_माहेरवाशीण
भारतीयांना तेव्हा मत नव्हतंच का? आपण तर ब्रिटिश प्रजा होतो.

अ‍ॅड_वैजयंती
१९०२ च्या मताधिकार कायद्याने गोऱ्या स्त्रियांना देशभर मत दिलं आणि त्याच कायद्याने ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या मूळ रहिवाशांना वगळलं. अपवाद न्यूझीलंडचा, तिथल्या माओरींना सूट. पळवाट होती ४१व्या कलमाची: ज्याला राज्यात मत आहे त्याला केंद्रात अडवता येणार नाही. मेलबर्नला राहणाऱ्या मिट्टा बुल्लोश या भारतीयाने १९२४ मध्ये याच कलमावर बोट ठेवून कोर्टात दावा जिंकला. त्याआधी १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री भारत सरकारतर्फे ऑस्ट्रेलियात फिरून गेले होते आणि तिथल्या भारतीयांची बाजू मांडून आले होते. सरकारने १९२५ मध्ये कायदा बदलून ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मत दिलं. आदिवासींना सरसकट मिळायला १९६२ उजाडलं.

आता मूळ प्रश्न. मैनाताई, त्या १९०० च्या कायद्याची प्रस्तावना वाचा. 'लोक एकत्र यायला राजी झाले आहेत' असं तीत लिहिलंय, म्हणजे लंडनच्या संसदेनेच लोकांच्या होकाराची नोंद घेतली आहे. पण त्या यादीत पाचच वसाहती आहेत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं नावच नाही.

पर्थकर_पाटील
आलोच. हा आमचा दुखरा भाग.

नाव नाही कारण आमच्याकडे मतदान झालं ३१ जुलै १९०० ला, राणीची संमती होऊन तीन आठवडे उलटल्यावर. जॉन फॉरेस्टचं सरकार का-कू करत होतं. शेतकऱ्यांना पूर्वेकडच्या मालाची भीती. उलट कूलगार्डी-कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींवर पूर्वेकडून आलेली माणसं. त्यांनी थेट राणीला अर्ज केला की पर्थवाले येत नसतील तर आमची वेगळी वसाहत करा, आम्ही जातो संघराज्यात. लंडनहूनही दाबलं. शेवटी ४४,८०० विरुद्ध १९,६९१ ने होकार. पूर्वेशी जोडणाऱ्या रेल्वेचं आश्वासन होतं, ती १९१७ ला आली. बाहेर राहिलेल्या न्यूझीलंडचं नाव मात्र त्या कायद्याच्या सहाव्या कलमात, 'राज्ये' कोणती या व्याख्येत, आजही छापलेलं आहे!

भांडखोर_भाऊ
आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस वडिलांमुळे न्यूझीलंडचे नागरिक निघाले म्हणून ४४व्या कलमाने घरी गेले. काकांनी चहाचं बिल वसूल केलं म्हणायचं.

पोर्ट_ऑफ_स्पेनचा_पाहुणा
लंडनचा कायदा पुरेसा असता तर वेस्ट इंडिजचं संघराज्यही टिकलं असतं. कायदा १९५६ चा, सुरू झालं १९५८ ला. १९६१ मध्ये जमैकाने सार्वमतात नकार दिला, मग त्रिनिदाद निघालं, १९६२ ला दुकान बंद. उरली क्रिकेट टीम.

टोरांटोचा_तात्या
आणि हल्ली तिचीही काळजी वाटते.

अ‍ॅड_वैजयंती
पाहुण्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण मला पाटलांच्या गावातलंच पुढचं उदाहरण घ्यायचंय, कारण माझ्या मते मैनाताईंच्या प्रश्नाचं उत्तर १९०० मध्ये सापडत नाही, १९३५ मध्ये सापडतं.

मंदीच्या काळात, ८ एप्रिल १९३३ ला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात फुटून निघण्यावर मतदान झालं. बाजूने १,३८,६५३, विरोधात ७०,७०६. जवळजवळ दोनास एक. (त्याच दिवशी विधानसभेची निवडणूकही होती आणि ज्या सरकारने हे सार्वमत घेतलं त्यालाच लोकांनी पाडलं. मतदार हा प्राणी अगाध आहे.) शिष्टमंडळ अर्ज घेऊन लंडनला गेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: कायदा तुमच्या संसदेने केला, तुम्हीच बदला. १९३५ मध्ये तिथल्या संयुक्त समितीने अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार दिला. कारण दिलं की संपूर्ण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मागितल्याशिवाय आम्ही यात पडू शकत नाही. कागदावर अधिकार होता, तरी वापरायचा नाही हे ठरून गेलं होतं. १९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्याने तो कागदावरूनही गेला.

आता गंमत बघा. त्याच १९३५ च्या ऑगस्टमध्ये त्याच संसदेने भारत सरकारचा कायदा पास केला, प्रांत आणि संस्थानं यांचं संघराज्य करणारा. ऑस्ट्रेलियाच्या एका राज्याचा अर्ज हातात घ्यायला न धजणाऱ्या संसदेने इथल्या कोट्यवधींना न विचारता शेकडो कलमं लिहिली. त्यातलं संघराज्य कधी झालंच नाही, कारण पुरेशा संस्थानिकांनी सह्या केल्या नाहीत. लोकांना तर कुणी विचारलंच नव्हतं. कायदा दोन्हीकडे लंडनचाच. फरक पडला तो आधी कोरोवासारखी सभा कुणाला भरवू दिली आणि कुणाला नाही, यामुळे. खवटकाका म्हणतात ते वंशाचं गणित इथेही आहेच.

खवट_म्हातारा
आज पहिल्यांदा वकिलाशी सहमत आहे. तब्येत बरी नसावी.

मेलबर्नची_मैना
वैजयंतीताई, १९३५ चा मुद्दा डोक्यात बसला, पण पूर्ण पटला नाही. लंडनने १९३५ मध्ये हात काढून घेतला म्हणजे १९०० मध्ये देश लोकांनी केला असं कसं? आणि दोनास एक मताने बाहेर पडायचं म्हणणाऱ्या राज्याला जाता येत नसेल, तर 'लोकांनी केला' हे एकदाच वापरायचं कुपन झालं.

अ‍ॅड_वैजयंती
प्रस्तावनेत 'न तुटणारं' संघराज्य असं लिहिलेलं आहे, त्यावर त्यांनी मत दिलं होतं. पण तुमचा आक्षेप मान्य, त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

वोडोंगाकर
'न तुटणारं' म्हणता, पण २०२० च्या जुलैमध्ये करोनात माझा पूल बंद झाला होता. परवाना दाखवल्याशिवाय कामावर जाता येत नव्हतं, दोन्ही बाजूंना पोलीस. १९१९ च्या साथीनंतर पहिल्यांदाच. ९२वं कलम असूनही.

पर्थकर_पाटील
आमचं तर एप्रिल २०२० ते मार्च २०२२ बंद होतं. एका खाणसम्राटाने ९२व्या कलमावर हायकोर्ट गाठलं आणि हरला, साथीत बंदी वाजवी म्हणून. लोक खूश होते हो! पूर्वेकडच्यांना दोन वर्षं बाहेर ठेवलं म्हणून तेव्हाचं सरकार २०२१ मध्ये ५९ पैकी ५३ जागा घेऊन परत आलं.

केंद्र राज्यांना जीएसटी वाटतं त्याचं तर बोलूच नका. खाणींची रॉयल्टी जास्त म्हणून २०१५-१६ मध्ये आमच्या वाट्याला माणशी समान हिश्शाच्या रुपयातले ३० पैसे आले. आता ७५ पैशांची किमान हमी आहे, तर बाकीची राज्यं ओरडतात. ऑफिसात एकदा जेवताना विचारलं, १९३३ सारखं मतदान आज घेतलं तर? निम्मे हसले. बाकीचे म्हणाले, "तारीख सांग."

सोसायटीचा_सेक्रेटरी
पाटील, मेंटेनन्सच्या वादाला वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे.